अळणी रश्श्याची वही

सोमवार, ४ तारीख

ही वही दवाखान्यातल्या चष्मेवाल्या पोरीने दिली. ती तिथे आजाऱ्यांचा आहार बघते. म्हणाली, "मावशी, रोज काय शिजवलं आणि त्यात मीठ किती घातलं, ते यात लिहायचं." मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली, माझ्याकडून पोतंभर कांदे चिरून घे पण लिहायला लावू नकोस. तर हसली आणि वही माझ्या पिशवीत कोंबलीच. मिठासाठी तिने मागची पानं आखून दिलीत, ती तिला दाखवीन. ही पुढची पानं माझी. इथे मनात येईल ते लिहीन, कोण वाचतंय.

आज ह्यांना घरी आणलं. नऊ दिवस आत होते. पाय असे सुजलेले की बोटाने दाबलं तर खड्डा पडायचा, आणि मी चहा करून आले तरी खड्डा तिथेच. डॉक्टरीणबाई म्हणते, हृदय थकलंय, अंगातलं पाणी त्याला उपसवत नाही, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतं. दिवसभरात सगळं मिळून सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. पाणीही मोजून. सहा आठवड्यांनी परत बघणार. मी विचारलं, आणि पुन्हा पाणी भरलं तर? ती म्हणाली, "या वेळेसारखं निभेल असं मी सांगू शकत नाही." वयाने माझ्या निम्मी असेल, पण डोळ्यांत डोळे घालून बोलली. आवडली मला.

अर्धा चमचा दिवसाला. तेवढं माझ्या एका चिमटीत जातं.

मंगळवार, ५ तारीख

मिलमध्ये गेले. सॉ मिलच्या कॅन्टीनचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, एका वेळी तीस माणसं. हे त्याच मिलमध्ये करवतींना धार लावतात. आम्ही दोघंच घरात, म्हणून दोघंही दिवसभर तिथेच असायचो. आता ह्यांचं स्टूल रिकामं आहे. मुकादम म्हणाला, "मावशी, धारवाल्यांना सांगा घाई नको. करवती बोथट झाल्या तर झाल्या." आजवर या मुकादमाने कुणाला घाई नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

माझ्या हाताबद्दल लिहून ठेवते, म्हणजे त्या चष्मेवालीला कळेल की ती कुणाला शिकवतेय. मी शिजवताना चव बघत नाही. माझी आई बघायची नाही, तिने मलाही बघू दिली नाही. म्हणायची, जीभ लावत बसलीस तर हात शिकायचा नाही. हाताला माप कळतं. तीस माणसांना दीड मूठ, आम्हा दोघांना तीन चिमट्या. डोळे बांधा, चूक होणार नाही. माझ्या रश्श्यावर ही पोरं दोन-दोन वाढी भात जास्त घेतात. पाण्याचा हंडा दुपारीच रिकामा होतो, इतकं दाबून जेवतात. इतक्या वर्षांत एकाने नाव ठेवलेलं नाही.

बुधवार, ६ तारीख

डाळ केली, भोपळा केला, चिमटीतले चार दाणे टाकले. हे चार घास जेवले.

"कसं झालंय?"

"छान."

"मग जेवा की."

"भूक नाही गं."

हे कशालाही छानच म्हणतात. उद्या ताटात वीट वाढली तरी छान म्हणतील आणि भूक नाही म्हणतील.

शनिवार, ९ तारीख

तीन दिवसांत मिळून एका माणसाचं एक जेवण गेलं असेल पोटात. सूज उतरतेय तशी खालची हाडं दिसायला लागलीत. गोळ्या रिकाम्या पोटी झेपत नाहीत, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मीठ घालावं तर पाणी भरणार. न घालावं तर उपाशी मरणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हे.

दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, हे हलकं मीठ न्या, आजारी लोकांसाठीच असतं. आणलं. नशीब म्हणून चष्मेवालीला फोन केला. ती ताडकन म्हणाली, "मावशी, ते अजिबात नाही. त्यांच्या गोळ्यांबरोबर ते चालत नाही, उलटेल." दुकानदाराला पुडा परत करून आले आणि दोन शब्द बोलूनही आले.

रात्री मी ताट आपटलं ह्यांच्यापुढे. आजारी माणसापुढे. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सोमवार, ११ तारीख

चष्मेवालीने आम्हा दोघांना बोलावलं होतं. तिथे एक छोटं स्वयंपाकघर आहे, त्यात काटा आहे, सोनाराकडे असतो तसला नाजूक. दोघांपुरती शिजलेली डाळ पुढे ठेवली आणि म्हणाली, "आजारपणाच्या आधी घालत होता तसं मीठ घाला, पण या कागदावर."

मी तीन चिमट्या टाकल्या. तिने कागद काट्यावर ठेवला. अकरा ग्रॅम.

तिने आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "पुन्हा घाला." पुन्हा टाकल्या. पुन्हा अकरा, कणाचा फरक नाही. माझा हात आहे तो. मी म्हटलं, बघ.

"मावशी, हाताला तोड नाही तुमच्या," ती म्हणाली. "पण दोघांच्या एका वेळच्या डाळीला दोन ग्रॅम पुष्कळ होतं. हे पाचपट आहे."

"काटा बघून घे तुझा."

तिने दुसरा काटा आणला. अकरा.

"घरात कधी कुणी खारट झालं म्हणालं नाही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर सायकलींचा स्टँड होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवार, १२ तारीख

काल घरी येईपर्यंत मी गप्प. मी गप्प असले की हे घाबरतात, ते मला ठाऊक आहे. आज सकाळी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "खरं सांगा. खारट असायचं का?"

कप बशीत नीट ठेवला. मग म्हणाले, "तापानंतर."

चौदा वर्षांपूर्वी मला ताप आला होता, वीस दिवस. त्यातून उठले तेव्हा जीभ लाकडासारखी झाली होती. मिलमध्ये कुजबूज होती की दुसरी बाई ठेवणार. पहिल्या दिवशी रस्सा केला आणि हाताची खात्री वाटेना, म्हणून आयुष्यात एकदाच चव बघितली. पचपचीत लागलं. मीठ टाकलं, चाखलं, आणखी टाकलं. लागलं तेव्हा थांबले. जीभ पुढे बरी झाली असेल, पण हाताने तेच माप धरलं, आणि रोज तेच खाऊन जिभेलाही ते सवयीचं झालं. माझा हात विसरत नाही. एकदाच चव बघितली मी, आणि नेमकी त्या दिवशी.

"मग सांगायला काय झालं होतं तोंडाला?"

"घंटेच्या आधी मला वाटीत रस्सा दिलास आणि विचारलंस, हात गेला का माझा. रडवेली झाली होतीस. म्हटलं, नाही, छान झालंय."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कसं सांगणार? आदल्या दिवशी छान म्हटलं होतं."

चौदा वर्षं. असला बावळट माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. आणि त्याला रोज दोन्ही वेळा मीठ चारणारी मी. सूज माझ्या चिमटीची होती. हे लिहायला हात धजत नाही, पण ही पानं माझी आहेत.

बुधवार, १३ तारीख

मिलमध्ये दुपारची घंटा झाली. सगळे पंगतीला बसले तशी मी मध्ये उभी राहिले, डाव हातात. म्हटलं, "आज कुणी खोटं बोललं तर डोक्यात घालीन. माझं जेवण खारट असतं का?"

तीस माणसं ताटात बघायला लागली. शेवटी ओंडके ओढणारे काका, सगळ्यांत जुने, म्हणाले, "खारट तसं नाही म्हणता येणार, मावशी. समुद्राच्या मानाने गोडच."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळंच बाहेर आलं. तापानंतर मी कामावर आले त्या दिवशी घंटेच्या आधी हे पंगतीत आले होते. म्हणाले होते, जो कुणी जेवताना तोंड वाकडं करील त्याच्या करवतीला मी धार लावणार नाही. बोथट करवतीवर काम करणं म्हणजे मरण, सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसापासून नियमच झाला. नवा माणूस लागला की मुकादम त्याला सांगतो, पट्ट्याजवळ सैल बाही नको, ओंडक्याच्या पुढे उभं राहायचं नाही, आणि मावशीच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत, पाण्याचा हंडा तिकडे आहे.

भात जास्त घ्यायचे ते रस्सा बुजवायला.

"खाल्ल्या मिठाला जागलो आम्ही, मावशी," काका म्हणाले. "आणि खाल्लंही पोटभर."

मी म्हटलं, गाढवं आहात सगळी. मुकादमालाही रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती कधीपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही मला. आत गेले, पातेल्याच्या आड बसले. हे कधी कुणाशी मोठ्याने बोललेले मी बघितले नाहीत, आणि हा माणूस तीस जणांना धमकावून आला होता. माझ्यासाठी. मला कळू न देता. किती वर्षं ते झाकून ठेवलं या सगळ्यांनी, एकाची जीभ घसरली नाही. मला राग धरायचा होता. धरला जाईना.

गुरुवार, १४ तारीख

आज हातच चालेना. डब्यात बोटं घातली आणि काढली. ज्या हाताच्या जोरावर मी उड्या मारत होते तोच मला फितूर.

हे शेगडीजवळच्या स्टुलावर येऊन बसले. मी विचारलं, "करवतीला धार बसली हे तुम्हाला कसं कळतं?"

"ऐकून. दात बोथट असला की रडका आवाज येतो. धार आली की पातं गातं."

"आणि हात?"

"हात काय करणार गं, तो सांगितलेलं करतो. कान सांगतो त्याला."

आई गेली बिचारी. तिला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, हाताला सांगायला जीभ लागते.

आजपासून ह्यांच्या पातेल्यातलंच मी खाणार, वेगळं करणार नाही. आणि प्रत्येक गोष्टीला जीभ लावणार.

सोमवार, १८ तारीख

चार दिवस झाले. सगळं ओल्या कागदासारखं लागतं. ह्यांनी हे कसं खायचं मग? शनिवारी लिंबू पिळलं, पण पिळलं उकळत्या रश्श्यात, आणि सालही आतच टाकली. कडूजहर झालं. हे म्हणाले, छान. मी म्हटलं, पुन्हा छान म्हणालात तर पातेलं डोक्यावर उपडं करीन.

चष्मेवालीला फोन केला. तिने दोन गोष्टी सांगितल्या. आंबट शेवटी, पातेलं उतरवल्यावर. आणि ते अर्ध्या चमच्यातलं मीठ शिजताना घालायचंच नाही. ताटात वाढल्यावर वरून भुरभुरायचं. आत मुरलेलं मीठ जिभेला सापडत नाही, वरचं आधी भेटतं. एवढी साधी गोष्ट. माझ्या वयाच्या बाईला पोरगी शिकवते आणि ती बरोबर असते.

शुक्रवार, २२ तारीख

कांदा परतत होते. मला घाई असते, गुलाबी झाला की मी पुढचं टाकते. हे स्टुलावरून म्हणाले, "थांब. अजून ओला आवाज आहे." मी थांबले. खरंच चर्र असा ओला आवाज होता. मग तो बारीक झाला, कोरडा झाला. "आता पाणी संपलं त्याचं," हे म्हणाले. तरी मी थांबले. आच कमी केली. कांदा मधासारखा झाला, मग तांबूस, मग गुळाच्या रंगाचा. अर्धा तास गेला. अर्धा तास एका कांद्यापुढे मी जन्मात उभी राहिले नव्हते.

त्यात टोमॅटो टाकला, तोही तेल सुटेपर्यंत आटवला. मिरी कोरडी भाजून ठेचली. उतरवल्यावर लिंबू. ताटात वरून मिठाचे दाणे.

हे सात घास जेवले. मी मोजत होते, त्यांनी बघितलं नाही. छान म्हणाले नाहीत. नुसते जेवत होते.

गुरुवार, २८ तारीख

तीळ भाजून घातले. लसूण सोनेरी करून घातला. लिंबाची नुसती पिवळी साल किसून घातली, खालचं पांढरं नाही, तेच कडू असतं. आज वाटीभर भात मागून घेतला ह्यांनी. पायाला बोट दाबलं, खड्डा पडला, पण भांडं विसळेपर्यंत भरून आला.

मिलमध्येही रोज थोडं थोडं मीठ उतरवतेय. एकदम नाही, घामाची माणसं आहेत ती. काका म्हणतात, "मावशी, आज जेवताना मध्ये पाणी प्यायला उठलो नाही, पाय आखडले."

सोमवार, २ तारीख

आज जे झालं ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

मिलमध्ये कोबी चिरत होते. दांडा उरला. तो रोज कचऱ्यात जातो. आता सगळ्याला जीभ लावायची सवय, म्हणून तोंडात टाकला. गोड होता. नुसता गोड नाही, आधी थंड, मग गोड, मग मागून मिरीसारखा चटका, आणि गिळल्यावर पावसाळी गवताचा वास. मी चावायची थांबले. वाटलं भास झाला. दुसरा तुकडा खाल्ला. तेच.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. एकेक वस्तू तोंडात घालत सुटले. टोमॅटो कापला. सालीची चव वेगळी, गराची वेगळी, आणि बियांभोवती जे बुळबुळीत पाणी असतं त्याची सगळ्यांत दाट, रश्श्यासारखी. ते मी आजवर ओट्यावरून फडक्याने पुसून टाकत होते. कच्च्या डाळीला शेंगदाण्याची आठवण आहे. दुधाला गोठ्याची. बटाट्याला मातीची, पण चांगल्या मातीची. पाणी प्यायले. पाण्याला चव आहे. नळाच्या पाण्याला लोखंडाची, मिलच्या विहिरीच्या पाण्याला दगडाची. पन्नाशीला आलेली बाई मी, पाण्याला चव असते हे मला आज कळलं.

मुकादम डोकावला. "मावशी, घंटा होऊन दहा मिनिटं झाली."

मी म्हटलं, "हा कोबी चाखून बघ."

त्याने बघितला. "कोबी आहे."

"नीट बघ."

"नीट बघितलं. कोबी आहे, मावशी. माणसं उपाशी बसलीत."

त्याला कुठे कळणार. मीही इतकी वर्षं कोबी आहे एवढंच म्हणत आले. लहानपणी जत्रेत एका आंधळ्याला बघितलं होतं, तो चेहऱ्यावरून हात फिरवून माणसं ओळखायचा आणि लोक तोंडात बोटं घालायचे. आज मला माझंच तसं वाटलं. हे सगळं इथेच होतं. माझ्या हाताखालून पोत्यांनी गेलं आणि मी त्यावर मूठमूठ पांघरूण घालत होते.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. माझं ऐकून हसले आणि म्हणाले, "माझं चार दिवसांपूर्वी झालं. गाजराचं."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं तुला वेड्यासारखं वाटेल."

शनिवार, ७ तारीख

आज काही केलं नाही विशेष. नुसता भात शिजवला आणि दोघं तो कोरडाच खात बसलो, काही न घालता. बराच वेळ.

सोमवार, १६ तारीख

दवाखाना. मी रात्रभर कूस बदलत होते. डॉक्टरीणबाईने छातीला नळी लावली, पाय दाबले, वजन केलं, फोटो काढायला पाठवलं. तासभर बाकावर बसवलं. ह्यांनी माझा हात धरला होता. लोक बघत होते तरी सोडला नाही. हा हात धरण्यासारखा आहे का, असं मनात आलं.

मग आत बोलावलं. ती म्हणाली, "पाणी नाही. फुफ्फुसं स्वच्छ आहेत. असंच चालू ठेवा. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस कामावर गेलात तरी चालेल." मी पुन्हा विचारलं, पाणी नाही म्हणजे अजिबात नाही? ती म्हणाली, "अजिबात नाही, मावशी."

चष्मेवालीला मागची पानं दाखवली. तिने प्रत्येक आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, बाकीच्या आजाऱ्यांच्या बायकांना एकदा कांदा दाखवायला याल का. मी म्हटलं, पुरुषांनाही बोलाव, त्यांना काय हात नाहीत?

मंगळवार, १७ तारीख

आज घेवड्याच्या शेंगा केल्या. लसूण, भाजलेले तीळ, वरून लिंबाची साल. मनातून मी जरा हवेत होते, कालच्या आनंदात. ताट वाढलं.

ह्यांनी दोन घास खाल्ले. तिसरा तोंडात घोळवला. थांबले. म्हणाले, "लसूण जास्त झालाय."

मी बघतच राहिले. ते एकदम दचकले. "म्हणजे तसा नाही, ठीक आहे, छान..."

"मागे फिरू नका. परत म्हणा."

"जास्त झालाय." मग हळूच, "आणि थोडा करपलाय."

मी पातेल्यात चमचा घातला आणि चव बघितली. आधी शेंगेचा हिरवेपणा आला, मग तीळ, मग लिंबाची साल, आणि सगळ्यांत शेवटी, अगदी घशाजवळ, करपलेल्या लसणाची बारीकशी कडू रेघ. खरंच होती. आणि ती ह्यांना माझ्या आधी सापडली होती.

चमचा हातात धरून मी तशीच उभी होते. हे म्हणाले, "काय झालं गं? वाईट वाटलं?"

मी म्हटलं, "नाही. जेवा. आणखी काय काय चुकलंय ते सांगत सांगत जेवा."

त्यांनी पूर्ण ताट संपवलं आणि सावकाश विचार करून आणखी दोन चुका सांगितल्या.